मेंदूचे रुग्ण आणि रात्रपाळी

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या विकारांवरील उपचारांचा इतिहास सहसा शस्त्रक्रिया, औषधे आणि नामांकित डॉक्टर यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु विसाव्या शतकात या रुग्णांना ज्या उपायांनी जगवले, त्यांतील कित्येक असे होते की ते दिवसा कितीही काटेकोरपणे पाळले आणि रात्री सोडून दिले, तर दिवसाचे श्रमही वाया जावेत. या दृष्टीने पाहता या शुश्रूषेचा इतिहास बऱ्याच अंशी रात्रपाळीचा इतिहास ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये रात्री रुग्णाजवळ बसण्याचे काम बहुधा अप्रशिक्षित, गरीब स्त्रियांकडे असे. डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत तापाने बरळणाऱ्या एका रुग्णाची दिवसपाळी आणि रात्रपाळी आपसांत वाटून घेणाऱ्या दोघी रंगवल्या आहेत, आणि त्यांतील रात्रीच्या बाईचे लक्ष रुग्णापेक्षा स्वतःच्या खाण्यापिण्याकडे अधिक आहे. चित्र अतिरंजित असले तरी वाचकांना ते ओळखीचे वाटले. १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची प्रशिक्षणशाळा निघाली, आणि त्याच वर्षी क्वीन स्क्वेअर येथे पक्षाघात व अपस्मार, म्हणजे मिरगी, यांच्या रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उघडले. ते चँडलर भावंडांच्या खटपटीतून उभे राहिले होते. त्यांच्या आजीला पक्षाघात झाला होता. येथे काम करणारे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी झटका अंगाच्या कोणत्या भागातून सुरू होतो यावरून मेंदूतील बिघाडाची जागा ओळखण्याचा मार्ग दाखवला. झटका मात्र डॉक्टरांच्या फेरीची वेळ पाहून येत नाही, म्हणून अंगठा आधी आखडला की तोंडाचा कोपरा, हे सांगू शकणारी व्यक्ती त्या वेळी उशाशी जागी असणारीच असे.

मज्जारज्जूच्या जखमेबाबत रात्रीचे महत्त्व याहून उघड होते. कमरेखालची संवेदना गेलेल्या रुग्णाला एकाच जागी पडणारा दाब जाणवत नाही, त्यामुळे तेथील रक्तप्रवाह तुटून त्वचा व मांस कुजते. या जखमांना दाबव्रण, किंवा रुग्णालयाच्या बोलीत बेडसोअर, म्हणतात. पहिल्या महायुद्धातील असे बहुतेक सैनिक या व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दगावले. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा नियम घातला. यात यंत्र नव्हते, औषध नव्हते. होते ते फक्त माणसांचे हात आणि घड्याळ.

कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत हे हात किती लागू शकतात ते दिसले. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ मरण पावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय सुचवला, आणि सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबू लागले. मृत्युप्रमाण पुढे सुमारे ४० टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्या शहरात अतिदक्षता विभाग उभारला.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची अडचण निराळी असते. कवटीच्या आत रक्त साचत असताना तो काही काळ नीट बोलतो आणि मग हळूहळू बेशुद्धीत सरकतो. दिवसा हे लक्षात येते, पण रात्री त्याचे घोरणे ही निवांत झोप समजली जाते आणि नातेवाईकही त्याला उठवू नका म्हणून विनवतात. म्हणूनच ठरावीक अंतराने त्याला हाक मारून उठवणे, डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकणे आणि नाडी मोजणे ही निर्दय वाटणारी रीत या वॉर्डांत रुजली. परंतु एकीने ‘गुंगीत’ असे लिहिले आणि पाळी बदलल्यावर दुसरीने ‘अर्धवट शुद्धीत’ असे लिहिले, तर रुग्ण सुधारला की खालावला हे ठरवणार कसे? ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलने डोळे कशाने उघडतात, उत्तर कसे येते आणि हातपाय कसे हलतात, एवढ्याच तीन गोष्टी पायऱ्यांनी नोंदवायला सांगितले, पुढे त्यांची बेरीज ३ ते १५ अशी रूढ झाली. परिचारिका आणि डॉक्टर या दोघांच्या नोंदी जुळाव्यात, हीच या मोजपट्टीची कसोटी होती. जीसीएस या नावाने ती आज महाराष्ट्रातील अतिदक्षता विभागांतही रोजच्या बोलण्यात आहे.

याच जेनेट यांनी १९७२ मध्ये फ्रेड प्लम यांच्यासह एका अवस्थेचे वर्णन केले होते, ज्यात रुग्ण डोळे उघडतो, झोपतो-जागतो, पण जाणिवेची खूण दाखवत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अशाच अवस्थेत गेल्या, आणि तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची २०१५ पर्यंत सेवा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या वैद्यकीय अहवालात त्यांच्या अंगावर दाबव्रण नसल्याचे नमूद होते, आणि सदतीस वर्षांच्या रात्री मनात धरल्या म्हणजे या कोरड्या नोंदीचे वजन कळते. त्या निकालाने कठोर अटींखाली निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली. मात्र शानबाग यांचे अन्न थांबवण्याची याचिका फेटाळताना त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने ठरवले.