ठोक्यांवरचा कायदा : रेव्हची खरी गोष्ट

‘रेव्ह पार्टी’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फार्महाऊसवर पडलेली धाड, तोंडावर रुमाल धरलेली पोरं आणि दुसऱ्या दिवशीची बातमी. मराठीत हा शब्द रुळला तोच मुळी गुन्ह्याच्या बातम्यांमधून. पण त्याच्यामागे एक वेगळा इतिहास आहे. त्यात एका देशाच्या संसदेने संगीताचा ‘ठोका’ थेट कायद्यात लिहिला. आज तीच गोष्ट.

सुरुवात एका फसलेल्या मशिनपासून. जपानच्या रोलँड कंपनीने 1981 च्या सुमारास टीबी-303 नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी, एवढाच हेतू. पण आवाज काही खऱ्या बेससारखा येईना. 1984 मध्ये उत्पादन बंद. आता गंमत बघा, हेच यंत्र 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांच्या हाती होतं. हिंदी सिनेमासाठी वाजवणाऱ्या या वादकाने त्यावर डिस्को ठेक्यात दहा राग रेकॉर्ड केले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे चाट पडले.

तिकडे शिकागोत हीच मशिनं सेकंडहँड दुकानात स्वस्तात मिळू लागली. तिथल्या ‘वेअरहाऊस’ क्लबमध्ये फ्रँकी नकल्स डीजे होते, नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गे तरुण. ‘हाऊस’ हे नाव त्याच क्लबवरून पडलं असं मानतात. 1987 मध्ये फ्यूचर या तिथल्याच ग्रुपने 303 ची बटणं उलटसुलट पिळून ‘अॅसिड ट्रॅक्स’ केलं, आणि ‘अॅसिड हाऊस’ जन्माला आलं.

हा आवाज इंग्लंडला पोचला आणि 1988 चा उन्हाळा गाजला. तेव्हा तिथले बरेचसे क्लब रात्री दोनच्या आसपास बंद व्हायचे. मग पोरांनी रिकामी गोदामं, शेतं गाठली. पार्टी कुठे, हे फोन लावला की शेवटच्या क्षणी कळायचं. लंडनभोवतीच्या एम-25 रिंगरोडवर गाड्यांची रांग आणि मागे पोलीस! एक्स्टसी नावाचं ड्रगही यात होतं, त्याने जीवही गेले. ते लपवण्यात अर्थ नाही. 1990 मध्ये सरकारने विनापरवाना पार्टीचा दंड 20,000 पाउंडपर्यंत नेला, वर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.

मग मे 1992. वूस्टरशायरमधलं कॅसलमॉर्टन कॉमन हे मोकळं माळरान. तिथे अंदाजे 20,000 हून जास्त लोक जमले आणि जवळपास आठवडाभर स्पीकर वाजत राहिले. आसपासच्या गावकऱ्यांची झोप उडाली, आणि त्यांची तक्रार अगदी खरी होती. स्पायरल ट्राइब या साउंड सिस्टीमवाल्या तेरा जणांवर खटला चालला. ते सुटले.

पण सरकार थांबलं नाही. 1994 च्या फौजदारी कायद्यात कलम 63 आलं. उघड्यावर 100 किंवा जास्त माणसं, रात्री मोठ्या आवाजात संगीत, स्थानिकांना गंभीर त्रास होण्याची शक्यता, असं असेल तर पोलीस जमाव हटवू शकतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे खुलासा होता, की एकामागोमाग सारखे येणारे ठोके हेसुद्धा ‘संगीत’ धरावं. शिवाय रेव्हपासून पाच मैलांच्या आत तुम्हाला वाटेतच परत पाठवता येणार.

लंडनमध्ये मोर्चे निघाले. ऑटेकर या जोडीने ‘अँटी ईपी’ काढली. त्यातल्या एका ट्रॅकमध्ये ठोक्यांची कुठलीच आवर्तनं सारखी येणार नाहीत अशी रचना केली! अर्थात, कायदा झालाच. 2003 मध्ये तर शंभराची मर्यादा वीसवर आली.

मग रेव्ह संपलं का? नाही, ते चार भिंतींच्या आत गेलं. परवानेवाले मोठे क्लब, तिकीटवाले फेस्टिव्हल, स्पॉन्सर. 2007 मध्ये गोव्यात सुरू झालेला आणि 2016 मध्ये पुण्यात आलेला सनबर्न याच वळणावरचा. आणि 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एकीकडे गुन्हा, दुसरीकडे वारसा. ठोका मात्र तोच.

आता जरा आपल्याकडे बघू. आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. ते वेळ मोजतात, डेसिबल मोजतात. धार्मिक-सांस्कृतिक सणांच्या काही दिवसांची सवलत सोडली, तर भजन आहे की टेक्नो, हे विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क सांभाळायला एवढं पुरतं. आवाज किती, हा प्रश्न रास्तच आहे. पण कुठलं संगीत आणि ऐकणारे कोण, यावर कायदा बोट ठेवायला लागला, की सावध व्हायचं. कॅसलमॉर्टनच्या गोष्टीतून मला तरी हेच कळतं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवा, कान एकदाच मिळतात. भेटू पुढच्या भागात!