पेज काढणारी नळी

लकवा मारलेल्या माणसाला पाणी पाजावं आणि ठसका लागून ते बाहेर यावं, की वांगणी काय नि मोखाडा काय, घरची माणसं समजतात : घास उतरत नाही. मग जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा पुढे नाशिकला रोग्याच्या नाकातून नळी पडते. केसपेपरवर ती ‘राइल्स ट्यूब’. घरी आल्यावर तिच्यातून जाते ती बहुधा नागलीची पेज.

लंडनच्या गायज हॉस्पिटलातल्या जॉन आल्फ्रेड राइल यांनी १९२१ मध्ये ही नळी केली, ती मात्र पोटात काही घालायला नव्हे, पोटातलं काढायला. जठरातल्या आम्लाचा अंदाज घ्यायचा होता. रोग्यानं उपाशीपोटी बारीक रबरी नळी गिळायची, ओटची पातळ पेज तोंडानं प्यायची आणि मग दर पंधरा मिनिटांनी त्यातली थोडी नळीवाटे ओढून तपासायची. म्हणजे पेज तेव्हाही होतीच, फक्त उलट्या दिशेनं! आणि नळी बेतलेली होती धडधाकट गिळता येणाऱ्यांसाठी. ती खाली उतरावी म्हणून टोकाला वजन असे. आजच्या प्लास्टिकच्या नळीच्या बंद टोकातले धातूचे मणी त्याच घराण्यातले. आता ते एक्स-रेतही दिसतात.

नळीनं भरवण्याची शाखा याहून जुनी. १७९० मध्ये लंडनचेच शल्यवैद्य जॉन हंटर यांच्याकडे गिळण्याचे स्नायू लुळे पडलेला माणूस आला. त्यांनी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीवर वाम माशाचं ताजं कातडं चढवलं आणि त्या नळीनं फेटलेली अंडी, दूध, साखर, वाइन पोटात पोचवली. माणूस पुन्हा गिळू लागला. काम हंटर यांचं, नाव राइल यांचं, असं या नळीचं कूळ आहे.

राइल यांचं मूळ काम मात्र सुटलेलं नाही. भरवण्याआधी सिस्टर सिरिंजनं थोडा रस ओढून आम्लाच्या कागदावर टाकतात. आम्ल निघालं तर टोक पोटात असल्याची खात्री वाढते. सिरिंजनं हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत फसवी आहे. टोक श्वासनलिकेत गेलं असेल तर पेज थेट फुप्फुसात!

“मावशी, पेज गाळून घ्या,” हे तर सांगावंच लागतं. नागलीचा कोंडा नळीत अडकतो. पेज फडक्यातून गाळून, कोमट करून, उशाकडची बाजू उंच ठेवून सावकाश सोडायची. दट्ट्या दाबायचा नाही, सिरिंज उंच धरली की ती आपोआप उतरते. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास तरी रोग्याला आडवं करायचं नाही. एवढं करूनही लाळ वाट चुकतेच. नळी म्हणजे न्युमोनियापासून सुटका नव्हे, म्हणून तोंड रोज स्वच्छ करावं लागतं.

दुर्बिणीच्या मदतीनं पोटाला भोक पाडून नळी बसवण्याचं तंत्र १९७९ पासून आहे. पण लकव्याच्या झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते उजवं ठरत नाही, असं २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘फूड’ या अनेक देशांतल्या अभ्यासात दिसलं. बऱ्याच जणांचं गिळणं याच आठवड्यांत परततं. तेव्हा तपासून सुरुवात होते ती बहुधा दाट, मऊ घासानं. घरचे आधी पाणीच द्यायला बघतात, पण सगळ्यात चटकन वाट चुकतं ते पातळ पाणीच.