जित्यांना खोपट, गेलेल्यांना दगड

ठाण्याच्या ज्या भागात मी राहतो त्याचे नाव खोपट. आज तिथे एस.टी.चे स्थानक आहे, उंच इमारती आहेत, आणि खोपट म्हणजे कुडामातीची झोपडी हे वर्गातल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते. असे खोपट दोन-चार पावसाळे काढते आणि मातीला मिळते. मग अडीच हजार वर्षांपूर्वी अशाच झोपड्यांत राहून गेलेली माणसे आपल्याला कळावीत कशी? विदर्भापुरते उत्तर असे की, ती आपल्याला मुख्यतः त्यांच्या मृतांमुळे कळतात.

नागपुराहून काटोलच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर जुनापाणी लागते. तिथल्या माळावर काळ्या धोंड्यांची रिंगणे आहेत. एक नाही, दोन नाहीत, सुमारे ३०० ! गावचे पंच पारावर बसावेत तसे धोंडे गोलाकार मांडलेले. आत लहान दगड आणि माती यांची भर, आणि त्याखाली दफन. काही धोंड्यांवर वाटीएवढ्या खळग्यांच्या ओळी कोरलेल्या दिसतात. माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड अशा कितीतरी ठिकाणी हीच मांडणी आहे. यांचा काळ इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० च्या आसपासचा.

या रिंगणांच्या शोधात एका माणसाने प्राणही गमावला. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे स्कॉटिश मिशनरी. धर्मप्रसारासाठी आले, पण इथले दगड, इथल्या वनस्पती, इथले गोंड यांत रमून गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी सर रिचर्ड टेंपल यांच्यासह ते टाकळघाटची रिंगणे पाहायला गेले होते. परत येताना बोरीजवळ पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे १८६७ साली रिव्हेट-कार्नॅक या साहेबांनी जुनापाणीची काही रिंगणे उकरली. धोंड्यांवरचे खळगे पाहून त्यांना विलायतेतल्या शिळांवरचे तसेच खळगे आठवले.

शिस्तशीर उत्खनन झाले ते स्वातंत्र्यानंतर. जुनापाणीला १९६१-६२ साली बा. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे काम केले. नंतर डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे खोदले. मातीखालून काय काय निघाले ! काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, भाल्याची पाती, खंजीर. घरात रोज लागणारी लोखंडी पळी. आणि माहूरझरीला घोड्यांचे सांगाडे, तांब्याच्या अलंकारांनी सजवलेले, लगामाच्या लोखंडी कडियाळीसह.

या यादीपाशी क्षणभर थांबावे. नैकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची मातीची भट्टी सापडली. म्हणजे लोखंड त्यांना फुकट मिळत नव्हते. दगड फोडायचा, लाकूड तोडून कोळसा करायचा, भाता चालवायचा आणि मग तापलेला गोळा ठोकून ठोकून एक कुऱ्हाड घडवायची. अशी कुऱ्हाड जितक्या हातांना हवी असेल तितक्यांच्या देखत ती मातीत ठेवायची, आणि वर धोंडे रचायचे. स्वतः मात्र लाकडी खांबांच्या झोपडीत परतायचे. अर्थात हा मान सर्वांना सारखा नव्हता. कोणाबरोबर घोडा गेला, कोणाबरोबर चार मडकी. उच्च-नीच त्या माळावरही आहेच.

मृताला ठेवायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपल्या परीने सोडवला आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात, याहून काही शतके आधी, लहान मुलांना दोन रांजणांत ठेवून ते तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. आईच्या पायाखाली मूल. मोठ्यांना पुरताना कित्येकदा पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये, असा त्यामागचा भाव असावा असे संशोधक मानतात. विदर्भातल्या मंडळींनी मृताला घराबाहेर नेले, पण त्याच्याभोवती कुंपण घातले.

आणि हे कुंपण आपल्याकडेच आहे असे नव्हे. दूर आयर्लंडात प्राचीन लोक दफनाभोवती गोल चर खणत. मध्ये बहुधा जळलेल्या अस्थी. चर कधीच बुजले, पण त्या ओल्या मातीत पीक वेगळ्या रंगाचे येते आणि विमानातून ते कडे उमटून दिसते. तिथे मोठा रस्ता करायचा झाला की आधी संशोधक खोदतात, नोंद करतात, मगच रस्ता पुढे जातो.

आपले धोंडे तर उघड्यावर, डोळ्यांना दिसणारे. तरी शेताच्या बांधाला, खडीला, घराच्या पायाला ते किती ठिकाणी गेले ! नागपूर वाढते आहे, वाढावेच. जित्यांना घरे हवीत. पण एक धोंडा हलला की रिंगण तुटते, आणि नोंद झालेली नसेल तर ज्याची झोपडी उरली नाही, नाव उरले नाही, त्याची शेवटची खूणही जाते.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमाचा दिवा लावतो. मृत्यूची आठवण घरच्या सणात बसवण्याची आपली ही रीत. या सुट्टीत नागपूरकडे जाणे झाले तर मुलांना जुनापाणीला न्यावे. धोंड्यांवर चढू देऊ नये, काही उचलू देऊ नये. एखाद्या धोंड्यावरचे खळगे मात्र त्यांना एक एक करून मोजू द्यावेत.