नऊ बुधवार, एक विधवा आणि केडगाव : चिकाटीच्या प्रार्थनेची मराठी कहाणी

बुधवारी पनवेलहून अंधेरीच्या दिशेने निघालेल्या हार्बर लोकलमध्ये नेरूळला, वाशीला चढलेली काही माणसे माहीमला उतरतात. सेंट मायकल चर्चच्या बाहेर कुणी मेणबत्ती घेते, कुणी मेणाचे छोटे घर, कुणी मेणाचे बाळ. नऊ बुधवार सलग यायचे आणि तेच मागणे पुन्हा मांडायचे, हा नोव्हेनाचा नेम. रांगेत ख्रिस्ती असतात, तसेच हिंदू आणि मुसलमानही असतात. आमच्या नवी मुंबईतून जाणाऱ्यांची ही वारी पाहताना एक प्रश्न मनात येतो आणि आजचा हा धागा त्या प्रश्नाचा आहे : देव जर प्रेमळ पिता असेल, तर त्याला एकच गोष्ट नऊ वेळा का सांगावी लागते?

हा प्रश्न बायबलच्या पानांतच उभा आहे. मत्तयाच्या ६व्या अध्यायात येशू सांगतो की उगाच बडबड करू नका, तुम्हांला काय हवे ते तुमचा पिता मागण्याआधीच जाणतो. लूकच्या १८व्या अध्यायात मात्र तोच येशू एका विधवेची गोष्ट सांगतो. न्यायाधीश असा, की त्याला ना देवाचे भय, ना माणसांची लाज. ती बाई रोज त्याच्या दारी येते आणि अखेर निव्वळ कटकटीला कंटाळून तो तिला न्याय देतो.

मग देव त्या न्यायाधीशासारखा आहे काय? मुळीच नाही. आपल्या शास्त्रपरंपरेत ज्याला कैमुतिक न्याय म्हणतात, त्या घाटाची ही गोष्ट आहे. असला निर्दय माणूसही जर शेवटी ऐकतो, तर पित्याविषयी काय सांगावे! संस्कृत शिकलेल्या वाचकाला ही युक्ती लगेच ओळखू आली असती. आणि अशी एक वाचक महाराष्ट्रात होती. ती स्वतः विधवा होती.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि पत्नीने ते लेकीला. हे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांतून पुराणे सांगत हिंडे. व्रते, उपास, दानधर्म यांत त्यांनी काही कमी केले नाही. तरी १८७०च्या दशकातील दुष्काळाने त्यांना गाठले. तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढल्याचे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले. १८७४मध्ये वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आईही. जाताना वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले, आपण तिच्यावर किती माया केली ते आठवणीत ठेव म्हणाले आणि तिला देवाच्या हाती सोपवले.

ही आठवण मला फार महत्त्वाची वाटते. ‘पिता’ हा शब्द रमाबाईंना मिशनऱ्यांनी शिकवलेला नव्हता. उपाशीपोटी मरतानाही लेकीच्या शिक्षणाचा अभिमान बाळगणारा बाप त्यांनी पाहिला होता. त्या बापाच्या प्रार्थना मात्र निष्फळ गेल्या, असा त्यांचा अनुभव होता. मागण्याची चिकाटी घरात भरपूर होती. ऐकणारा कोण, हाच खरा प्रश्न होता.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. कलकत्त्यात १८७८मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, १८८०मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह, मुलगी मनोरमा आणि १८८२मध्ये वैधव्य. त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा. बाप्तिस्म्याने प्रश्न मिटला नाही, ही गोष्ट चरित्रांत अनेकदा निसटते. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त गवसला तो आठेक वर्षांनी, असे त्या स्वतःच सांगतात. मधल्या काळात वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून जो वाद चालला, तो वाचनीय आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायला ही बाई तयार नव्हती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वादाचे कारण ठरली ती प्रार्थनाच. रमाबाई मनोरमेसह आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. १८९३मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने तर आधीपासूनच तोफ डागली होती.

येथे आपण दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. धार्मिक तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवल्या होत्या, हे पालकांचे म्हणणे खोटे नव्हते. स्वतःच्या घरात स्वतःच्या खोलीचे दार मी का लावून घ्यावे, हा रमाबाईंचा सवालही खोटा नव्हता. सुधारकांचा विश्वास त्या दिवशी तुटला तो पुन्हा जुळला नाही, आणि महाराष्ट्राने या बाईंना पुढे दीर्घकाळ विस्मृतीत टाकले, त्याचे एक मूळ येथे आहे.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने खंगलेल्या मुली पाहून त्यांना आपलेच बालपण दिसले. तीनशे मुली वाचवायच्या असे त्यांनी ठरवले. हाती पैसा नव्हता. ब्रिस्टलचा अनाथालय चालवणारा जॉर्ज म्यूलर कुणाकडेही याचना न करता केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवी. त्याचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते, आणि आपला पिता तोच असेल तर आपल्यालाही देईल, असा त्यांचा हिशेब होता. पुण्यापुढे दौंडच्या वाटेवर केडगावला माळरानात विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, मुक्ती सदन वसले. १९००च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

इतिहासाचा विद्यार्थी येथे विचारील : पैसा आला कोठून? त्याचे उत्तर लपलेले नाही. अमेरिकेत रमाबाई असोसिएशन होती, परदेशी वाचकांसाठी ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्र निघे. प्रार्थना आकाशाकडे जाई आणि देणगी टपालाने येई. रमाबाईंना यात विसंगती दिसत नव्हती. माझ्या मते त्यांचे वेगळेपण दुसरीकडे आहे. गुडघे टेकून उठल्यावर त्या मुलींना हातमागावर, शेतावर आणि छापखान्यात कामाला लावीत.

१९०५च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मंडळ सुरू केले. आरंभी सत्तरेक जणी जमल्या आणि जूनपर्यंत साडेपाचशे. वेल्समध्ये तेव्हा धर्मजागृतीची लाट चालू होती. त्याची वार्ता इकडे पोहोचली होती. २९ जूनच्या रात्रीपासून केडगावात मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गलबला शिस्तीविरुद्ध वाटला. हिंदी माणसाला त्याच्या रीतीने देवाला हाक मारू द्या, अशी रमाबाईंची भूमिका होती. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती १९०६ची, म्हणजे केडगावनंतरची. केडगावच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांच्या पुस्तिकेतून ही वार्ता चिलीतील वाल्पराइसोपर्यंत गेली आणि तेथे १९०९मध्ये तशीच लाट उठली. जगाच्या पेंटेकोस्टल इतिहासात पुणे जिल्ह्यातील एका आडगावाचे नाव येते ते असे.

प्रत्येक मागणे पुरले असे मात्र नाही. संस्थेची वारस म्हणून घडवलेली एकुलती एक मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. रमाबाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट. कान जवळजवळ गेले होते. त्यांनी हातातले काम सोडले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील बाईला कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणण्याचे ते काम कित्येक वर्षे चालले होते. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४मध्ये बाहेर पडला. तो केडगावच्याच छापखान्यात छापला गेला. लूकच्या १८व्या अध्यायातील त्या हट्टी विधवेची गोष्ट खिळा खिळा जुळवून उभी केली ती तिथल्या बायकांनी, आणि त्यांच्यात विधवाही होत्या.