ओपिनेल: शेतकऱ्याच्या खिशातला चाकू

ओपिनेल चाकू हातात आला की मी आधी मुठीतली फट बघतो. टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे लागलेली सवय. लाकडाच्या अखंड तुकड्यात, बुडाकडचा भाग सोडून, पातं जेमतेम मावेल एवढी अरुंद फट पाडलेली असते. ती वाकडी गेली तर पातं घासतं, रुंद झाली तर डुगडुगतं. अशी एखादी फट हाताने नीट पाडता येईल. शेकड्यांनी पाडायच्या तर यंत्रच हवं. या चाकूची स्वस्ताई तिथून सुरू होते.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात, सें-जाँ-द-मोरिएन गावाजवळ, ओपिनेल घराण्याचं लोहारकाम होतं. भोवतालच्या डोंगरी शेतकऱ्यांना कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची अवजारं करून द्यायची. वडील दानिएल ऐरण-हातोड्यावरच विश्वास ठेवणारे. मुलगा जोसेफ, जन्म 1872चा, यंत्रांचा वेडा. त्याने स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला होता. 1890 मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, त्याने मित्रांसाठी खिशातले चाकू करायला घेतले. यंत्राने केलेलं काम वडिलांना रुचत नव्हतं. हातकामाविषयी मला मनापासून आदर आहे, तरी या भांडणात मी मुलाच्याच बाजूचा.

घडीच्या चाकूत सहसा पाठीमागे पोलादी स्प्रिंग असते. पातं उघडं-बंद धरून ठेवण्याचं काम तिचं. तिएर या फ्रान्सच्या चाकूगावात या कामात मुरलेले कारागीर होते. पण स्प्रिंग म्हटली की खर्च आला. तिला वेगळं पाणी द्या, पात्याच्या बुडाशी घासून घासून जुळवा, मग रिव्हेट ठोका. जोसेफने स्प्रिंगच काढून टाकली. पातं, मूठ, रिव्हेट आणि मुठीच्या तोंडाशी आवळून बसवलेली धातूची कडी, संपला चाकू. पातं जागेवर राहायचं ते नुसत्या घर्षणावर. लाकडात फट पाडायचं यंत्रही त्यानेच तयार केलं. पैसा वाचला तो जुळणीच्या मजुरीत. पोलादात त्याने काटकसर केली नाही.

1897 मध्ये त्याने 1 ते 12 अशा नंबरांची मापं ठरवली. एक नंबरचं पातं जेमतेम दोन सेंटिमीटर, बारा नंबरचं बारा. पुढे 1935 मध्ये 1 आणि 11 बंद झाले: एक फारच चिमुकला, आणि अकराचं काम दहा किंवा बारा करतच होते. पात्यावरची मुकुट घातलेल्या हाताची खूण 1909 पासूनची. हात सें-जाँच्या गावचिन्हातला, मुकुट साव्हॉयच्या सरदारकीचा.

या रचनेत एक धोका मात्र होता. जोर लावताना पातं बोटांवर मिटू शकायचं. त्यावर उपाय 1955 मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल याने केला. जुन्या कडीवर त्याने दुसरी, फिरणारी कडी चढवली. तिला एका बाजूने चीर आहे. चीर फटीसमोर आणली की पातं मोकळं. कडी अंगठ्याने जरा फिरवली की पात्याची वाट बंद. एवढ्या महत्त्वाच्या सोयीसाठी भाग वाढला तो एकच! 2000 पासून याच कडीने मिटलेलं पातंही अडवता येतं, म्हणजे खिशात उघडायची भीती नाही.

दुसरी अडचण लाकडाची. मूठ बहुधा बीचची, आणि हे लाकूड ओल धरून फुगतं. मग पात्यात नख घालून कितीही ओढा, ते हलत नाही. साव्हॉयकरांची त्यावर युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं बूड टेबलावर ठक्‌कन आपटायचं, पात्याचं टोक वर येतं. आपल्या पावसाळ्यात ही युक्ती फार उपयोगी पडते.

रोजच्या वापराला आठ नंबर घ्यावा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. कार्बन पोलादाचा घ्यायचा की स्टेनलेसचा, हे आपल्या स्वभावावर ठरवा. कार्बनच्या पात्याला दगडावर धार झटकन चढते, पण कैरी कापून तसंच ठेवलंत तर ते काळंनिळं पडतं आणि दमट हवेत गंजतं. मी प्रत्येक वेळी पुसून तेलाचा हात फिरवतो, म्हणून मला तेच आवडतं. कोकणात राहणाऱ्याला किंवा विसराळू माणसाला मी स्टेनलेसच सांगेन.