खजिना आणि पाणचक्की

जुन्या वास्तूखालीं धन पुरलेलें असतें, हा आपल्याकडील एक चिवट समज आहे. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यास कमलेश्वराचें हेमाडपंती देवालय आहे. अशा देवळांच्या आसऱ्यानें वाढलेल्या माणसास मोहरांचे हंडे आणि त्यांवर बसलेला नाग यांच्या गोष्टी बाळपणींच पाठ होतात. या समजापायीं ठिकठिकाणीं चिरे उखडले गेले आणि मूर्ति जागच्या हलल्या. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, असें १८७८ चा कायदा सांगतो. पण धन न सांपडतांच जी वास्तु खणून निघते, तिची वर्दी कोणी द्यावयाची?

छत्रपती संभाजीनगरच्या सहलींत आमच्या विद्यार्थ्यांनीं खजिन्याच्या शोधाचा खेळ मांडला होता. चिठ्ठीमागून चिठ्ठी हुडकीत सारी मंडळी खाम नदीकांठच्या पाणचक्कीपाशीं येऊन ठेपली. तेथील लांबरुंद हौदाखालीं तळघर आहे हें कळतांच कित्येकांचे डोळे चमकले. तळघर खरेंच आहे. परंतु तेथें हंडे नाहींत, खांब आहेत. डोक्यावर पाण्याचा भार तोलून धरणारें तें एक थंडगार दालन आहे.

मध्य आशियांतून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी सत्पुरुषाच्या दर्ग्याशीं ही चक्की जोडलेली आहे. फकीर, वाटसरू व शिष्य यांच्या अन्नासाठीं येथें धान्य दळलें जाई. नदी शेजारून वाहत असली, तरी चक्की फिरते ती तिच्या पाण्यानें नव्हे. हर्सूलच्या बाजूच्या उंच भागांतून मातीच्या नळांनीं पाणी आणलेलें आहे. उंचावरून निघालेलें पाणी बंद नळांतून पुन्हा वर चढूं पाहतें. या साध्या नियमाच्या आधारें तें दगडी मनोऱ्यांत चढविलें आणि तेथून खालीं सोडलें. त्याच्या ओघानें पात्यांचें चाक फिरतें व चाकाबरोबर जातें. या शहरास नळांचें शास्त्र नवें नव्हतें. १६१० मध्यें खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरानें तेथें आपली नहर खेळविली होती. तो १६२६ त निवर्तला. पण त्याच्या नहरीनें पुढेंही कितीतरी पिढ्यांची तहान भागविली.

बीडच्या प्रसिद्ध विहिरीस लोक ‘खजिना विहीर’ म्हणतात. पाण्याच्या सांठ्यास खजिना म्हणणाऱ्या भाषेनें धनाची खरी व्याख्या केव्हांच करून ठेविली आहे. सोनें पुरून ठेविलें तरी सोनेंच राहतें. पाणी मात्र वाहील तरच त्याचें पीठ होतें. म्हणून येथें धनाच्या लोभानें कुदळ घालणारा मनुष्य जो नळ फोडील, तोच या जागेचा खजिना होय.

आणि कुदळ केवळ लोभाचीच असते असें नाहीं. नव्या घराचा पाया खणतांना, रस्ता रुंद करतांना, अजाणतेपणींही तोच नळ फुटतो. चक्कीची डागडुजी करून भोंवतीं बाग राखणें चांगलेंच. परंतु जमिनीखालचा मार्ग तुटला, तर वर उरेल तें केवळ जात्याचें चित्र. नळांच्या मार्गाचा नकाशा महानगरपालिकेच्या भिंतीवर लागावा आणि तो पाहिल्यावांचून त्या बाजूस एकही खड्डा पडूं नये, एवढी व्यवस्था झाली, तर या खजिन्यास नागाची जरूर पडणार नाहीं.