नव्याचं जुनं करणारा माणूस

गेल्या शनिवारी सकाळी मी बाल्कनीत पेपर पसरून मालगाडीच्या एका इवल्याशा डब्याला गंज लावत बसलो होतो. आई चहा घेऊन आली, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, नवा कोरा डबा आणलास ना? मग त्याची अशी वाट का लावतोयस?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल, म्हणून ही पोस्ट.

तर मंडळी, या उद्योगाला 'वेदरिंग' म्हणतात. मॉडेल रेल्वेची चकचकीत इंजिनं, डबे आणि घरं वर्षानुवर्षं ऊन, पाऊस, धूळ आणि काजळी खाल्ल्यासारखी दिसायला लावायची. आज या छंदात हे अगदी सर्रास चालतं. पण १९४०च्या दशकात मॉडेल म्हणजे स्वच्छ, पॉलिश केलेली, मिरवायची वस्तू असंच बहुतेकांना वाटायचं. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये पहिलं नाव येतं जॉन ॲलनचं.

ॲलनचा जन्म १९१३चा, अमेरिकेतला. पेशाने फोटोग्राफर. १९४६च्या सुमारास तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी आला आणि आपली रेल्वे बांधू लागला. नाव ठेवलं 'गोर अँड डॅफेटिड'. त्याचा उच्चार करायचा 'गोरी अँड डिफीटेड', म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत! या रेल्वेवर एक डायनासोरसुद्धा डबे ढकलायच्या ड्यूटीवर होता. पुढे नव्या घराच्या तळघरात त्याने याच रेल्वेची तिसरी, सगळ्यात मोठी आवृत्ती बांधायला घेतली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्यांवर पूल, आणि जागा मोठी भासावी म्हणून मोक्याच्या ठिकाणी लपवलेले आरसे.

या रेल्वेचं प्रमाण १:८७. म्हणजे सहा फुटी माणूस फक्त २१ मिलिमीटरचा आणि चाळीस फुटी डबा १४ सेंटिमीटरचा. खरी गोम इथेच आहे. आकार लहान करता येतो, पण प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या डब्यावर न जाणवणारी चमक १४ सेंटिमीटरच्या डब्यावर आली की डोळा लगेच सांगतो, हे खेळणं आहे. ॲलनला हे कळायला फोटोग्राफीचा फायदा झाला असणार, असा माझा अंदाज. कॅमेरा अशा बाबतीत अजिबात भीड ठेवत नाही.

मग करायचं काय? चमक मारायला शेवटी मॅट फिनिशचा हात द्यायचा. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून तो उन्हाने विटल्यासारखा करायचा. लाकडाच्या पट्ट्या अल्कोहोलमध्ये पातळ केलेल्या काळ्या शाईत बुडवायच्या, की जुन्या फळ्यांसारखा करडेपणा येतो. खूप पातळ केलेला काळा-तपकिरी रंग डब्यावर सोडला की तो फटींत आणि कोपऱ्यांत जाऊन बसतो. याला वॉश म्हणतात. उलट, ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग फडक्याला पुसून तो नुसता कडांवरून फिरवला की उंचवटे उजळतात. ते ड्राय-ब्रशिंग. धुळीसाठी खडूची भुकटी. पैसे असतील तर एअरब्रश, नसतील तर संयम. :)

डोंगरांचीही गंमत आहे. 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६०च्या दशकात 'हार्डशेल' पद्धत रूढ केली. कागदी टॉवेल प्लास्टरमध्ये बुडवून सांगाड्यावर पसरायचे. वाळले की पातळ, टणक डोंगर तयार!

पण साहित्य हाताशी असून भागत नाही. माझा पहिला डबा सगळीकडून सारखाच तपकिरी झाला आणि चिखलात लोळून आल्यासारखा दिसायला लागला. कारण मी घाण लावली होती, कारणं लावली नव्हती. खरा गंज रंग उडाला तिथून सुरू होतो आणि पाण्याबरोबर खाली ओघळतो. काजळी वरून पडते, म्हणून छपरावर जास्त. मातीचे शिंतोडे चाकांकडून येतात, म्हणून खालच्या बाजूला. वाफेच्या इंजिनावर पांढुरके ओघळ दिसतात ते पाण्यातल्या क्षारांचे. प्रत्येक डागामागे एक घटना असते. आमच्या भाषेत सांगायचं तर डाग म्हणजे लॉग फाइल. घटना घडलीच नसेल तर नोंद खोटी पडते, आणि बघणाऱ्याला नक्की काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतंच.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन हार्ट अटॅकने गेला. त्यानंतर काही दिवसांतच, त्याच महिन्यात, घराला आग लागली आणि जवळजवळ सगळी रेल्वे जळून गेली. पंचवीसेक वर्षांचं काम! ज्या माणसाने आयुष्यभर खोटी काजळी रंगवली, त्याच्या डोंगरांवर शेवटी खरी काजळी बसली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

तरी सगळंच संपलं नाही. ॲलनने स्वतः काढलेले फोटो आणि लिहिलेले लेख मासिकांत छापून आले होते. वेस्टकॉट यांनी त्याच्यावर लिहिलेलं पुस्तक १९८१ साली निघालं. मूळ रेल्वे कधीच न पाहिलेली माणसं आजही त्या फोटोंवरून शिकतात. त्याची रेल्वे तळघरात होती, पण त्याची नजर तोवर हजारो घरांत पोचली होती. बॅकअप म्हणतात तो हाच.

असो. रविवारी दुपारी आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि आमच्या बाल्कनीच्या ग्रिलकडे बोट दाखवलं. "मग हा बघ की. कुंडीचं पाणी जिथे गळतं, तिथेच गंजलाय. स्क्रूपासून खाली कसा ओघळ आलाय."

बारा वर्षं त्या बाल्कनीत बसून मी चहा पितोय. तो ओघळ मला एकदाही दिसला नव्हता.

दुसरा डबा त्या ग्रिलसमोर बसून रंगवला. बरा जमलाय.